चार मार्कांचा खळगा

“काका, तुम्ही कितव्यांदा नापास होताय?”

प्रश्न तोंडातून सुटला आणि तोफेला वाटलं, कोणीतरी आपली जीभ चिमट्यात धरून परत आत ढकलावी. पण सुटलेला शब्द कधी कुणाचं ऐकतो का? जिन्याखाली तिच्या दोन मैत्रिणी, उंची आणि भुंगा, एकमेकींच्या तोंडावर हात दाबून उभ्या होत्या. पैज त्यांचीच. ‘एवढी तोफ झालीस ना, मग जा, त्या म्हाताऱ्यांना विचारून दाखव.’

तोफ हे नाव तसं ताजंच. दहा महिन्यांपूर्वीपर्यंत शाळेत तिला मुकी म्हणत. बाई प्रश्न विचारायच्या, उत्तर तिच्या वहीत तयार असायचं, आणि हात मात्र बाकाखाली. मग विद्यापीठाची एक चाचणी झाली आणि शाळकरी मुलांसाठी राखून ठेवलेली एकुलती एक जागा तिने पटकावली. दर शनिवारी, कॉलेजातल्या दाढीमिश्या फुटलेल्या पोरांच्या शेजारी बसून, मल्टिव्हेरिएबल कॅल्क्युलस! वेळापत्रकात त्याला बहुचल कलन म्हणत आणि पोरं नुसतं ‘मल्टी’. त्या दिवसापासून मुकीला जे तोंड फुटलं, ते मिटायचं नाव घेईना.

ज्यांना प्रश्न विचारला ते व्हरांड्यातल्या बाकावर बसून पात्याने पेन्सिलीला टोक काढत होते. साठीला टेकलेले, कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशात पेनाऐवजी भिंग. जमीनमोजणीच्या कचेरीत नकाशे काढायचे म्हणून सगळा वर्ग त्यांना नकाशेकाका म्हणायचा. तोंडावर नकाशेकाका, पाठीमागे ‘कायमचे विद्यार्थी’.

ते चिडले नाहीत. टोकावरची भुकटी फुंकून म्हणाले, “सहा वेळा झालोय. ही सातवी.”

“अरे वा,” तोफ म्हणाली. नापास होण्याला अरे वा!

“आठवी नसते. सातनंतर नाव काढून टाकतात.” मग त्यांनी जिन्याकडे हनुवटी केली. “पैज कशाची होती?”

“अं?”

“त्या दोघी तिथे गुदमरायला आल्यात, म्हणून विचारलं.”

“मोठी कॉफी,” तोफ पुटपुटली.

“मग अर्धी माझी. उत्तर मी दिलं ना?”

कॉफी त्यांनी खरोखर अर्धी प्यायली.

त्याच दिवशी वर्गात मॅडमनी फळ्यावर एक खोगीर काढलं. मॅडमचं गणित पोलादी, चित्रकला मात्र दिव्य. मागून एका पोराने विचारलं, “मॅडम, हे खोगीर आहे की बसलेला बेडूक?” वर्ग खदखदला.

“हसा,” मॅडम म्हणाल्या. “परीक्षेत हाच बेडूक तुमच्या मानगुटीवर बसणार आहे. या बिंदूशी जमीन सपाट आहे. एका दिशेने पाहिलं तर हा सगळ्यात खालचा, दुसऱ्या दिशेने पाहिलं तर सगळ्यात वरचा. कळलं का कुणाला?”

तोफेला समीकरण कळलं होतं. पण वर आणि खाली एकाच वेळी? तिने पहिल्यांदाच हात वर केला नाही.

शेवटच्या बाकावरून आवाज आला. “खिंड म्हणायचंय का, मॅडम?”

सगळ्या माना वळल्या.

“डोंगराच्या माथ्यामाथ्याने चालत येणाऱ्याला खिंड म्हणजे सगळ्यात खालची जागा,” नकाशेकाका म्हणाले. “आणि दरीतून चढून पलीकडे जाणाऱ्याला तीच सगळ्यात वरची. जागा एकच.”

मॅडमनी खडू पुढे केला. काका आले आणि त्यांनी समान उंचीच्या रेषा काढल्या, म्हणजे अशा रेषा की ज्यांच्यावरून चालत राहिलं तर ना चढ लागतो ना उतार. एकेक रेघ हात न उचलता. दोन बाजूंना दोन डोंगर फुगून वर आले, दोन बाजूंना दऱ्या खाली उतरल्या आणि मधोमध खिंड अशी उघडली की तोफेला तिच्यातून वारा आल्यासारखं वाटलं. बेडूकवाला पोरगाही ते वहीत उतरवून घेऊ लागला.

पुढच्या शनिवारी तोफेने पहिला बाक सोडला आणि थेट शेवटच्या बाकावर दप्तर आदळलं.

“काका, तुम्हाला तर सगळं येतं! मग दर वेळी गचकता कसे?”

“मला डोंगर दिसतो,” ते म्हणाले. “आकडेमोड सुरू केली की डोंगर जातो आणि नुसता कागद उरतो.”

“माझं बरोब्बर उलटं! मला कागदच दिसतो. डोंगर मी जवळून बघितलेलाच नाही.”

“मग झालं की. तू कागद सांभाळ, मी डोंगर सांभाळतो.”

आणि खरंच तसं चाललं. वर्ग सुटल्यावर व्हरांड्यात तोफ त्यांना सूत्रं शिकवायची, रागवायची, परत परत तीच गणितं सोडवून घ्यायची. “काका, इथे उणे चिन्ह खाल्लंत! भूक लागली होती का?” साठीचा माणूस मान खाली घालून पोरीची बोलणी ऐकून घ्यायचा आणि मग हळूच विचारायचा, “पण हा उतार कुठे चाललाय, ते बघितलंस का?” तोफेने कधीच बघितलेलं नसायचं. हळूहळू ती बघायला लागली.

एकदा ती त्यांच्या कचेरीत गेली. उंच खिडक्या, उतरती टेबलं आणि भिंतभर रुंद, सपाट लाकडी खण. काकांनी एक खण ओढला तसा जुन्या कागदाचा वास आला. “हा मी काढला. हाही. हा काढताना माझं लग्न ठरत होतं. हा काढताना आई दवाखान्यात होती. बघ, अक्षर जरा कापलंय.”

तोफेने प्रत्येक नकाशाचा खालचा कोपरा वाचला. तिथे बारीक अक्षरात नकाशा काढणाऱ्याचं नाव होतं. दर काही वर्षांनी नाव बदलत होतं, पण त्यांचं कुठेच नव्हतं.

“हे कोण मग?”

“साहेब. आणि हे त्यांच्यानंतरचे साहेब.”

“काढले तुम्ही आणि नाव त्यांचं? ही कुठली रीत?”

“नियम आहे. पदवी असेल त्याचंच नाव छापायचं.” खण आत सारताना त्यांनी आवाज होऊ दिला नाही. “माझी एका विषयाने राहिली. वडील अचानक गेले, खाली तीन भावंडं. म्हटलं, नोकरीला चिकटू, हा एक विषय काय, देऊ पुढच्या वर्षी. ते पुढचं वर्ष एकतीस वर्षं चाललंय.”

खिडकीजवळच्या टेबलावर एक अर्धा झालेला नकाशा होता. गावामागची सगळी डोंगररांग. हाताने काढलेला हा कचेरीतला शेवटचा, पुढचं सगळं संगणकावर होणार होतं. तो छपाईला गेला की मग काका निवृत्त होणार होते. त्याचा कोपरा कोरा होता.

“हे साहेब भले आहेत,” काका म्हणाले. “म्हणाले, तुमचा निकाल लागेपर्यंत कोपरा असाच ठेवू.”

तोफेने शेजारची मोजणीची वही उघडली. डोंगरावर उभं राहून टिपलेले आकडे होते. कितीतरी ठिकाणी चुकीच्या आकड्यावर एक बारीक आडवी रेघ, शेजारी बरोबर आकडा आणि त्याच्यापुढे इवलीशी सही.

“शी, किती खाडाखोड! कचेरीत खोडरबर नाही का?”

“मोजणीच्या वहीत खोडायचं नसतं. चुकलं तर वरून एक रेघ मारायची, अशी की खालचं वाचता आलं पाहिजे. चूक कुठे झाली ते दिसलंच नाही, तर मागून येणाऱ्याला वाट कशी कळणार?”

तोफेने मान डोलावली. त्या दिवशी तिला ते एक गोड म्हातारं बोलणं वाटलं, बस.

परीक्षेला आठ दिवस उरले तेव्हा तिने काकांकडून हुकमी प्रश्न पाठ करून घेतला. जमीन सपाट झाली की तिथे एक आकडा काढायचा. धन आला तर डोंगरमाथा नाहीतर खळगा, त्यातलं कोणतं ते पुढच्या एका ओळीत कळतं. ऋण आला तर खिंड.

“आणि शून्य आला तर?” काकांनी विचारलं.

पुस्तकात लिहिलं होतं की शून्य आल्यास या कसोटीवरून काहीच सांगता येत नाही. पण तोफ काय नुसत्या पुस्तकावर थांबणारी होती! तिने मागच्या पाच वर्षांचे पेपर धुंडाळले होते. शून्य दोनदाच आलं होतं आणि दोन्ही वेळा उत्तर खिंडच होतं.

“शून्य आला की डोळे मिटून खिंड लिहा.”

काका घुटमळले. “पण शून्य म्हणजे कसोटी गप्प बसली ना? आमच्यात यंत्र गप्प बसलं की माणूस पायी जातो आणि बघून येतो.”

“परीक्षेत पायी जायला वेळ नसतो, काका! तीन तासांत डोंगर चढणार आहात का? माझ्यावर विश्वास आहे की नाही?”

“आहे की.”

“आणि ती चित्रं काढत बसू नका. चित्राला मार्क नसतात. हात फारच शिवशिवले तर काढा आणि लगेच खोडून टाका. नाहीतर तपासणाऱ्याला वाटेल, गडी गोंधळलाय.” तिने आपला पांढरा खोडरबर त्यांच्या पेटीत टाकला. “हा घ्या. लकी आहे.”

परीक्षेत तोफ चाळीस मिनिटं आधीच मोकळी झाली. पेपर देऊन निघताना तिने मागे वळून पाहिलं. शेवटच्या बाकावर काका वाकून काहीतरी खोडत होते. सावकाश, कागद चुरगळू न देता, एका बोटाने कडा धरून. मग त्यांनी भुकटी फुंकली. शाब्बास काका, ती मनात म्हणाली आणि उड्या मारत जिना उतरली.

निकाल फळ्यावर लागला. तोफेला शहाण्णव. वर्गात पहिली! दाढीमिशीवाल्यांच्या वर! भुंगा किंचाळली, उंचीने तिला उचलून गोल फिरवलं. गिरक्या थांबल्यावर तिने काकांचा क्रमांक शोधला. सदतीस. पास व्हायला चाळीस लागत.

तिने तो आकडा तीन वेळा वाचला. तीन वेळा सदतीसच होता.

बुधवारी मॅडमच्या खोलीत उत्तरपत्रिका बघायला मिळत. काका कचेरीतून अर्ध्या दिवसाची रजा काढून आले होते, त्याच पांढऱ्या शर्टात. तोफेने आधी आपली उघडली. शंभरातले चार कुठे गेले? सातवा प्रश्न. एका चलाचा चौथा घात अधिक दुसऱ्याचा चौथा घात. आकडा काढला होता, शून्य आला होता आणि खाली तिने ऐटीत लिहिलं होतं, ‘म्हणून खिंड.’ त्यावर तांबडी फुली. शेजारी मॅडमचं अक्षर होतं, ‘हा खळगा आहे. सगळीकडून वरच चढतो, बघायचं तरी!’

तिला शेजारची उत्तरपत्रिका बघायचीच नव्हती. काकांनी ती तिच्यासमोर सरकवली. सातवा प्रश्न. तोच शून्य, तीच ओळ, तीच फुली आणि तेच चार मार्क. सदतीस आणि चार, एक्केचाळीस.

“मॅडम,” तोफ म्हणाली आणि तिला तिचा जुना, मुकीचा आवाज ऐकू आला. “ही चूक माझी आहे. मीच सांगितलं त्यांना असं लिहा म्हणून.”

मॅडमनी चष्मा काढला. “तुझ्या पेपरात ती तुझी आहे, बाळ. त्यांच्या पेपरात त्यांची. मला तसंच मोजावं लागतं.”

काकांनी सवयीने ते पान उचललं आणि जुना नकाशा तपासावा तसं खिडकीकडे तिरपं धरलं. उजेड कागदावरून घसरत गेला आणि मघापर्यंत कोऱ्या दिसणाऱ्या जागेत वळ उठले. खोडलेल्या पेन्सिलीचे. एकात एक बसलेल्या रेषा, गोलही नव्हेत, कोपरे घासून गुळगुळीत केलेल्या चौकोनांसारख्या. प्रत्येकीवर बारीक उंची. आत शून्य, बाहेर चढत जाणारे आकडे आणि मधोमध त्यांच्या सुबक अक्षरात एक शब्द : खळगा.

मॅडम उठून खिडकीशी आल्या. त्यांनी पान हातात घेतलं आणि बराच वेळ तसंच तिरपं धरून ठेवलं.

“हे ठेवलं असतंत,” त्या हळू म्हणाल्या, “तर चारातले तीन मला द्यावेच लागले असते.”

सदतीस आणि तीन. कुणीच बेरीज मोठ्याने केली नाही.

“खोडलेलं मला तपासता येत नाही, काका.” मॅडमनीही त्यांना पहिल्यांदाच काका म्हटलं.

“नाही, नाही. नियम तो नियम.” काकांनी खिशातलं भिंग उगाच बाहेर काढून परत ठेवलं. “एक विचारू का, मॅडम? आकृती बरोबर आहे ना?”

“अगदी बरोबर आहे.”

“बरं झालं,” ते म्हणाले. “बरं झालं.”

व्हरांड्यात त्याच बाकापाशी तोफ रडायला लागली. नाक लाल, हुंदके, सगळं. मोठी झाली, शहाण्णव पडले, तरी रडणं अगदी लहान पोरीचं.

“काका, मला ओरडा तरी!”

“ओरडून काय होतंय? तू सांगितलंस, हात तर माझाच होता.” ते बाकावर बसले. थोड्या वेळाने, तिला नव्हे, समोरच्या भिंतीला सांगावं तसं म्हणाले, “एकतीस वर्षांत कधी खोडलं नव्हतं मी.”

मग त्यांनी पेटी उघडली आणि पांढरा खोडरबर तिच्या हातावर ठेवला. “हा तुझा राहिला होता.”

शनिवारी तिला वर्ग नव्हता. पाय आपोआप कचेरीकडे वळले. काका खिडकीजवळच्या टेबलावर वाकले होते. डोंगररांग पुरी झाली होती. शेवटचा ओढा, शेवटची पायवाट, सगळं जिथल्या तिथे. ते आता कोपऱ्यात नाव लिहीत होते. नाव साहेबांचं होतं. कचेरीत एवढं बारीक आणि देखणं अक्षर दुसऱ्या कुणाचं नव्हतं, म्हणून ते काकांनाच लिहावं लागत होतं. एकतीस वर्षं त्यांनीच लिहिलं होतं. एकही अक्षर वाकडं गेलं नाही. एकही कापलं नाही.

ती जवळ सरकली तशी ते मान वर न करता म्हणाले, “जरा लांब उभी राहा, बाळ. शाई ओली आहे.”

ती लांब उभी राहिली. शाई वाळली. मग तिने साहेबांच्या दारावर टकटक केलं.

संध्याकाळी घरी टेबलावर विद्यापीठाचा फॉर्म होता. तिची राखीव जागा पुढच्या कोर्ससाठी, दर शनिवारी. सही केली नाही तर ती दुसऱ्या शाळेच्या मुलाला जाणार होती. बाबांचं चष्म्याचं दुकान. आठवडाभर गिऱ्हाईक अक्षरं वाचायला बसलं की ते आधी त्याला शहाण्णव सांगत आणि मग डोळे तपासत. आईने फॉर्मवर तिचं नाव, पत्ता, सगळं आपल्या हाताने भरून ठेवलं होतं. फक्त सही उरली होती.

तोफेने पेन घेतलं. पुढच्या कोर्सच्या नावावर एक बारीक आडवी रेघ ओढली, खालचं नीट वाचता येईल अशी. आणि शेजारी सही केली.

“अगं, हे काय केलंस?” आई धावलीच. “पेनने! आता खोडणार कसं हे?”

“खोडायचं नाहीये, आई.”

“डोकं फिरलंय का हिचं?” बाबांनी फॉर्म उचलून डोळ्यांजवळ नेला. “शहाण्णव पडलेत तुला! राहिलंय काय तुझं शिकायचं?”

“चार मार्कांचं राहिलंय, बाबा,” तोफ म्हणाली. आवाज तोफेचा नव्हता, मुकीचाही नव्हता. “काका निवृत्त व्हायला चार महिने आहेत. तोवर दर शनिवारी मी त्यांच्या कचेरीत जाणार आहे. साहेबांना विचारलंय. यंत्र गप्प बसलं की पायी जाऊन कसं बघायचं, ते मी शिकणार आहे.”